संगीतासाठी पसरलेली झोळी

श्रावणी पौर्णिमेचा दिवस उजाडला की उरणजवळच्या करंजा गावाचा समुद्रकाठ माणसांनी फुलून जातो. पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेल्या होड्या रंगवून, पताका लावून सजवलेल्या असतात. कोळी बांधव वाजतगाजत येतात, खवळलेल्या सागराला नारळ अर्पण करतात आणि उंच स्वरात गाणी गातात. ही गाणी त्यांना कोणत्याही शाळेत शिकवलेली नसतात. आजीच्या तोंडून नातीच्या ओठांवर अशी ती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली असतात.

पण समजा, याच करंजातील एखाद्या मुलीला भूप किंवा यमन हे राग शिकावेसे वाटले, तर? आज त्यात फारसे अवघड काही नाही. उरणला, पनवेलला किंवा खाडीपलीकडे वाशीला जाऊन ती संगीताच्या वर्गात नाव घालू शकते. ठरलेली फी भरून, ठरलेली पुस्तके घेऊन ती प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा देत पुढे विशारदही होऊ शकते. तिचे घराणे कोणते, तिचे वडील कोण, असे तिला कोणी विचारीत नाही.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हे स्वप्नातही शक्य नव्हते. ते ज्यांनी शक्य करून दाखवले, त्या पुरुषाचा जन्मही नारळी पौर्णिमेलाच झाला होता. त्यांचे नाव पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर.

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. पंचगंगेच्या काठी वसलेले हे गाव त्या काळी पटवर्धन घराण्याच्या एका लहानशा संस्थानाची राजधानी होते. आज ते कोल्हापूर जिल्ह्यात आहे. विष्णूचे वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार होते. त्यामुळे टाळ, मृदंग आणि अभंग यांचा नाद बालपणापासूनच त्याच्या कानी पडत असे. घरची स्थिती बेताचीच. परंतु मुलगा हुशार, शाळेतही त्याची प्रगती चांगली होती. तो पुढे इंग्रजी शिकून चांगला कारकून होईल, असेच घरच्यांना वाटत असावे.

परंतु दैवाच्या मनात काही वेगळेच होते. कुरुंदवाडहून जवळच असलेल्या नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीचा मोठा उत्सव भरतो. त्या उत्सवात फटाके उडवीत असता एक फटाका विष्णूच्या तोंडाजवळच फुटला. चेहरा भाजला आणि डोळ्यांना जबर इजा झाली. जीव वाचला, पण दृष्टी फार मंद झाली. ज्याला पुस्तकातील अक्षरे नीट दिसत नाहीत त्याने शाळेत जाऊन करावे तरी काय?

उपचारांसाठी विष्णूला मिरजेला नेण्यात आले. तेथील डॉक्टर भडभडे यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. मुलाचे डोळे अधू झाले होते, पण गळा विलक्षण गोड होता. कीर्तनकाराच्या या मुलाला गाणे शिकवावे, असे त्यांनी सुचवले. त्या वेळी मिरजेत पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर राहत होते. बुवांनी तरुणपणी अनंत कष्ट सोसून ग्वाल्हेरची गायकी आत्मसात केली होती आणि ती महाराष्ट्रात आणली होती. मिरजेच्या संस्थानिकांनी विष्णूच्या शिक्षणाचा आणि राहण्याजेवण्याचा भार उचलला. एका राजाच्या औदार्याने एका अधू मुलाला गुरू मिळाला. दान म्हणजे काय आणि त्याने एखाद्याचे आयुष्य कसे पालटते, याचा पहिला अनुभव विष्णूला असा स्वतःच्याच जीवनात आला.

बाळकृष्णबुवांची शिस्त कडक होती. पहाटे उठावे, तंबोरा जुळवावा, एकेक स्वर तासन् तास घोटावा, गुरूच्या घरची कामे करावी आणि रात्री पुन्हा मेहनतीला बसावे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. विष्णूने ही तपश्चर्या मन लावून केली. त्याचा आवाज कमावला गेला आणि मिरजेत त्याचे कौतुक होऊ लागले.

याच काळात एक प्रसंग घडला. तो लहानसाच होता, पण विष्णूबुवांच्या मनावर त्याने कायमचा ठसा उमटवला. मिरजेत एक समारंभ व्हायचा होता. संस्थानिकांच्या मर्जीतला म्हणून विष्णूबुवांना त्याचे आमंत्रण आले. मात्र त्यांच्या गुरूंना, एवढ्या थोर गायकाला, कोणी बोलावले नाही. चौकशी करता कळले ते असे की, गवयाला प्रतिष्ठितांच्या पंक्तीत बसवण्याची रीतच नव्हती. गाणे ऐकण्यापुरता तो हवा, मान द्यायला मात्र नको!

विष्णूबुवांच्या मनाला हा काटा खोल रुतला. ते विचार करू लागले. विद्वानाला मान मिळतो, वैद्याला मान मिळतो, वकिलाला मान मिळतो. मग गवयाच्या वाट्यालाच अवहेलना का यावी? त्यांना याची कारणे दिसू लागली. संगीत हे काही थोड्या दरबारांत आणि मैफलींत कोंडलेले होते. गवयाची भाकरी राजाच्या लहरीवर अवलंबून असे. कित्येक गवई व्यसनाधीन असत. विद्या मिळवण्याचा मार्ग म्हणजे वर्षानुवर्षे गुरूची मर्जी सांभाळणे हाच होता. सामान्य घरातील मुलामुलींनी गाणे शिकावे, अशी सोयही नव्हती आणि तशी कोणाची इच्छाही नव्हती. संगीताला मान मिळवून द्यायचा असेल तर त्याला लोकांच्या घरात न्यायला हवे, हे विष्णूबुवांनी मनाशी पक्के केले.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. राजाश्रयाची सावली सोडून उन्हात पाऊल टाकणे सोपे नव्हते. त्यांनी औंध, सातारा, बडोदे असा प्रवास केला. सौराष्ट्रात त्यांनी एक नवीनच गोष्ट केली. त्यांनी तिकीट लावून गाण्याचा जाहीर कार्यक्रम केला. तोपर्यंत गाणे ऐकायचे तर राजवाड्यात किंवा देवळात. ज्याच्याजवळ थोडे पैसे आहेत अशा कोणालाही गाणे ऐकता यावे आणि गवयाला बिदागीसाठी कोणापुढे वाकावे लागू नये, हा यातील हेतू होता. पुढे ते ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर अशी गावे करीत उत्तरेकडे गेले. मथुरेत राहून त्यांनी ब्रज आणि हिंदी भाषांचा अभ्यास केला. ज्या लोकांना गाणे शिकवायचे, त्यांची भाषा आपल्याला आली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

अखेर ते पंजाबात लाहोरला पोहोचले. हे शहर आज पाकिस्तानात आहे. आपले गाव, आपली भाषा, आपली माणसे यांपासून शेकडो कोस दूर, अशा ठिकाणी ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. पूर्वीही काही ठिकाणी संगीतशाळा निघाल्या होत्या, पण त्यांना बहुधा एखाद्या संस्थानिकाचा आधार असे. ही शाळा मात्र कोणा एका राजाची नव्हती. ती लोकांच्या वर्गणीवर, देणग्यांवर आणि खुद्द पंडितजींच्या मैफलींतून मिळणाऱ्या पैशावर चालायची होती.

शाळेची पाटी लागली, तंबोरे जुळले, वेळापत्रक ठरले. पण विद्यार्थी मात्र एकही येईना! आपला मुलगा गवई व्हावा, असे कोणत्या बापाला वाटणार? असे सांगतात की, पंडितजी तरीही रोज ठरलेल्या वेळी शाळा उघडीत, रिकाम्या वर्गात तंबोरा घेऊन बसत आणि वेळ संपेपर्यंत एकटेच गात राहत. हळूहळू लाहोरातील काही प्रतिष्ठित गृहस्थांचे तिकडे लक्ष गेले. पंडितजींचे निर्व्यसनी, शिस्तशीर वागणे त्यांनी पाहिले आणि त्यांचा विश्वास बसला. मग एकेक करीत विद्यार्थी येऊ लागले. मुलांच्या वर्गाबरोबर पंडितजींनी स्त्रियांच्या शिक्षणाचीही सोय केली. त्या काळात हे मोठे धाडस होते.

या विद्यालयाचे काम कसे चाले, हे जाणून घेण्यासारखे आहे. पंडितजींनी दोन प्रकारचे विद्यार्थी घेतले. काही विद्यार्थी हौशी असत. ते फी देत, ठरावीक वेळी येत आणि शिकून घरी जात. दुसरा वर्ग उपदेशकांचा होता. यात बहुधा गरीब घरची, पण गळ्याने गुणी मुले असत. त्यांना जेवण, राहणे आणि शिक्षण सर्व काही विनामूल्य मिळे. त्याच्या बदल्यात त्यांनी नऊ वर्षे विद्यालयात राहायचे, शिकायचे आणि इतरांना शिकवायचे, असा करार असे. अशा रीतीने पंडितजी केवळ गायक घडवीत नव्हते. ते संगीताचे शिक्षक घडवीत होते.

पण या सगळ्यांच्या पोटाला घालायचे कोठून? दोन वेळच्या जेवणाला धान्य लागते, घराला भाडे लागते, तंबोऱ्याला तारा लागतात. वर्गासाठी पाठ्यपुस्तके हवीत. तीही पूर्वी नव्हतीच. पंडितजींनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली, म्हणजे ऐकलेले गाणे कागदावर चिन्हांनी लिहून ठेवण्याची रीत घालून दिली. 'संगीत बालप्रकाश', 'रागप्रवेश' अशी अनेक पुस्तके त्यांनी लिहिली आणि ती छापण्यासाठी छापखानाही काढला. वाद्ये तयार करण्याचा व दुरुस्त करण्याचा कारखाना काढला. या साऱ्यासाठी पैसा उभा करायचा तो पंडितजींनीच. ते गावोगाव दौरे काढीत, शिष्यांना बरोबर घेऊन जलसे करीत आणि मिळालेली सर्व रक्कम विद्यालयाच्या पेटीत टाकीत. संस्थानिक, व्यापारी, वकील यांच्यापुढे ते मदतीसाठी हात पसरीत. मैफलीत मान ताठ ठेवणारा हा स्वाभिमानी गायक विद्यालयासाठी मात्र याचक होई. स्वतःसाठी मागणे ही लाचारी. पण लोकांच्या विद्येसाठी मागणे हे कर्तव्य, असे ते मानीत.

अशा देणगीतून काय उगवते, याचे एक उदाहरण पाहा. गुजरातमध्ये भडोच येथे एका अत्यंत गरीब घरात एक मुलगा वाढत होता. त्याचा आवाज ऐकून शापूरजी मंचेरजी डुंगाजी या पारशी गृहस्थांनी १९०९ च्या सुमारास त्याच्या शिक्षणाचा भार उचलला आणि त्याला मुंबईला पंडितजींच्या विद्यालयात पाठवले. तो मुलगा म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले पंडित ओंकारनाथ ठाकूर. पंडितजींनी त्यांच्यावर इतका विश्वास टाकला की, ऐन तरुण वयातच लाहोरच्या विद्यालयाचा कारभार त्यांच्याकडे सोपवला. पुढे १९५० साली काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख ओंकारनाथच होते. ज्या विद्येला समारंभाच्या पंक्तीत जागा नव्हती, ती आता विश्वविद्यालयात बसली होती. या घटनेच्या मुळाशी एका उदार पारशी गृहस्थांची देणगी आणि एका मराठी गुरूची मेहनत होती.

पंडितजींनी १९०८ साली मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. विद्यार्थ्यांची गर्दी वाढली आणि भाड्याची जागा अपुरी पडू लागली. तेव्हा संगीताला स्वतःचे भव्य घर असावे, असे पंडितजींना वाटू लागले. त्यांनी सँडहर्स्ट रस्त्यावर विद्यालयाची मोठी इमारत उभारली. वर्ग, वसतिगृह, छापखाना आणि गायनासाठी प्रशस्त दिवाणखाना अशी मोठी योजना त्यांच्या डोळ्यांसमोर होती. परंतु हातातील देणग्यांपेक्षा खर्च फार मोठा होता. राहिलेला पैसा त्यांनी कर्जाऊ घेतला.

कर्जाचा स्वभाव पुरातल्या पाण्यासारखा असतो. सुरुवातीला ते पायाशी असते, पण व्याजाने चढत चढत गळ्याशी येते. पंडितजी दौऱ्यामागून दौरे करीत होते, पण मैफलींचे उत्पन्न कधी येई, कधी न येई. व्याज मात्र न चुकता वाढे. वसतिगृहातील विनामूल्य शिकणाऱ्या मुलांना घरी पाठवले असते, तर खर्च खचितच कमी झाला असता. पंडितजींनी ते केले नाही. फी वाढवून विद्यालय केवळ धनिकांसाठी ठेवले असते, तरीही कदाचित निभावले असते. तेही त्यांनी केले नाही. अखेर १९२४ साली धनकोंनी तगादा लावला आणि ज्या इमारतीच्या विटाविटांत त्यांचे गाणे मिसळले होते, ती इमारत लिलावात गेली.

या घटनेतून एक गोष्ट स्पष्टपणे शिकण्यासारखी आहे. थोर माणसांचेही हिशेब चुकतात. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण पंडितजींना ठाऊक नव्हती असे नाही. पण ध्येयाच्या ओढीने त्यांचे पाय अंथरुणाबाहेर गेले, हे खरे. एकट्या माणसाच्या गळ्यावर एवढी मोठी संस्था फार काळ तगत नाही. तिला पुष्कळांच्या नियमित आधाराची गरज असते, हा धडा त्यांच्या शिष्यांनी नीट गिरवला.

घरीही पंडितजींच्या वाट्याला दुःख कमी आले नाही. त्यांना बारा अपत्ये झाली, पण अकरा लहानपणीच दगावली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय एवढाच मुलगा वाचला. पुढे हेच द. वि. पलुस्कर या नावाने थोर गायक म्हणून प्रसिद्ध झाले. दुर्दैवाने त्यांनाही आयुष्य अल्पच लाभले.

दुःखाने आणि अपयशाने पंडितजी खचले नाहीत. ते रामभक्तीकडे वळले. भगवी वस्त्रे धारण करून ते नाशिकला राहू लागले आणि तेथे त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. तेथेही विद्यार्थी होतेच आणि गाणेही होतेच. तुलसीदासांचे रामायण ते रसाळपणे गात आणि हजारो माणसे ते ऐकत बसत. 'रघुपति राघव राजाराम' ही धून त्यांनी घरोघरी पोहोचवली. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत 'वंदे मातरम्' हे गीत ते आपल्या भारदस्त आवाजात गात असत. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात संगीत शिकवीत. १९३० साली महात्माजी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीला निघाले, तेव्हा खरेशास्त्रीही त्या तुकडीत पायी चालत होते. दरबारात कोंडलेले गाणे आता देशाच्या रस्त्यांवरून चालू लागले होते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे पंडितजींचे निधन झाले. जेथे अधू डोळ्यांनी येऊन त्यांनी पहिला तंबोरा हाती धरला, तेथेच त्यांचा शेवटचा श्वास विसावला. त्यांच्या मागे ना इमारत उरली होती, ना धन. पण उरले होते ते शिष्य, गावोगावी पसरलेले आणि शिकवण्याचे व्रत घेतलेले.

त्या शिष्यांनी त्याच वर्षी अहमदाबादेत एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. आपापल्या गावी प्रत्येकाने विद्यालय चालवायचे, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा मात्र सर्वांच्या एकच ठेवायच्या, असा हा विचार होता. एका मोठ्या इमारतीचे ओझे एकट्याच्या खांद्यावर टाकण्याऐवजी अनेकांनी लहान लहान दिवे लावायचे, असे त्यांनी ठरवले. पंडित विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. १९३९ साली दिल्लीतही ते सुरू झाले. नारायणराव व्यास, बा. र. देवधर अशा शिष्यांनी मुंबईत आपल्या परीने हे कार्य चालू ठेवले. १९७३ साली भारत सरकारने पंडितजींच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

म्हणून आज करंजाच्या किनाऱ्यावरची एखादी मुलगी होडीवरची गाणी गात गात मोठी होते आणि एक दिवस तंबोऱ्याच्या साथीने यमनचा पहिला आलापही घेते. तिच्या हातातील पुस्तकामागे, तिच्या परीक्षेमागे, तिच्या गुरूंना मिळणाऱ्या मानामागे एका मंददृष्टी माणसाने गावोगाव हिंडून पसरलेली झोळी आहे. त्या झोळीत कोणी मोठी रक्कम टाकली, कोणी तिकिटाचे चार आणे टाकले, तर कोणी आपल्या आयुष्याची नऊ वर्षे टाकली. यांपैकी कोणते दान अधिक मोलाचे, हे ठरवणे कठीण आहे. लिलावात इमारत विकता येते. शिकवलेली विद्या मात्र कोणालाही विकत घेता येत नाही आणि जप्तही करता येत नाही. पंडित विष्णू दिगंबरांनी जे उभारले, ते म्हणूनच आजही उभे आहे.